वाचक विचारतात : लेकरू शी का धरून ठेवतं?

मागच्या अंकात मुलांच्या जेवणावर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी पोट साफ न होण्याबद्दल. म्हणून ह्या वेळची सगळी जागा त्याच विषयाला देते आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिलं आहे, कारण तशीच परिस्थिती अनेक घरांत दिसते.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा असताना अंगावरचं दूध तोडलं, तेव्हापासून त्रास सुरू झाला. चार-चार, पाच-पाच दिवस शी होत नाही. लागली की पलंगामागं जाऊन उभा राहतो, पाय ताठ करतो, लालबुंद होतो, घामाघूम होतो, पण होत नाही. शेवटी होते ती एवढी जाड आणि कडक, की मलाच रडू येतं. दोनदा रक्ताची रेघ दिसली. सासूबाई विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावतात, कधी साबणाची कांडी. शेजारच्या काकू एरंडेल पाजा म्हणतात. डॉक्टरांनी पाण्यात विरघळवून द्यायची पावडर दिली होती. चार दिवस दिली, शी पातळ झाली म्हणून बंद केली. सवय लागेल, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. दूध भरपूर पितो, दिवसाला चार मोठ्या बाटल्या. जेवणाला मात्र तोंड लावत नाही.
— एक आई, कराड

उत्तर : ताई, पलंगामागं, उभ्यानं, पाय ताठ. तुमच्या पत्रातले हे शब्द माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचे आहेत. तुमचा मुलगा जोर लावत नाहीये. शी बाहेर येऊ नये म्हणून तो जिवाच्या आकांतानं ती आत धरून ठेवतो आहे.

अलीकडेच माझ्या दवाखान्यात असाच एक मुलगा आला होता. बोलता बोलता तो खेळणं टाकून टेबलाच्या कोपऱ्याशी गेला, कडेला घट्ट धरलं आणि चवड्यांवर उभा राहिला. सोबतची आजी म्हणाली, "बघा ना डॉक्टर, कसं कुंथतंय पोरगं. येतच नाही." मी म्हटलं, "आजी, त्याचे गुडघे बघा." दोन्ही गुडघे सरळ, एकमेकांवर दाबलेले, टाचा उचललेल्या, कुल्ले आवळलेले. ज्याला शी करायची असते तो माणूस गुडघे वाकवतो, उकिडवा बसतो. हा नेमकं उलट करत होता. मिनिट-दोन मिनिटांत चेहऱ्याची लाली उतरली आणि तो परत गाडीशी खेळायला लागला. आजी म्हणाली, "गेली वाटतं कळ." कळ गेली खरी, पण शी आतच राहिली. दर वेळी असंच होत होतं.

हे कसं सुरू होतं ते सांगते. अंगावरचं दूध तुटतं, वरचं दूध वाढतं, एखादा ताप येऊन जातो किंवा प्रवासात दोन दिवस खाडा पडतो, आणि एकदा शी कडक होते. त्या कडक शीनं जागेला बारीक चीर पडते. तुम्हाला दिसलेली रेघ त्या चिरेचीच असावी. शीच्या वरून ओढल्यासारखी लालभडक रेघ असेल तर बहुतेक वेळा तेच कारण असतं. त्या दिवशी मुलाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होते, की शी म्हणजे दुखणं. पुढच्या वेळी कळ आली की तो आवळून धरतो. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषून घेण्याचं. शी जितकी जास्त वेळ आत राहते, तितकी वाळते, घट्ट होते, तिचा गोळा मोठा होतो. मग ती निघताना आणखी दुखतं आणि मूल आणखी धरून ठेवतं. असं महिनोन्‌महिने चाललं की गुदाशय, म्हणजे शी साठते तो मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ताणून ताणून जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा सैल पडतो. तो भरला तरी कळ नीट जाणवत नाही. मग चार दिवस, पाच दिवस, आठवडा.

पोट अडणाऱ्या लहान मुलांपैकी शंभरातल्या नव्वदांहून अधिक मुलांच्या आतड्यात कसलाही रोग नसतो. असतं ते हेच चक्र. ते तोडायचं तर मुलाला एकच अनुभव पुन्हा पुन्हा यायला हवा : शी झाली आणि दुखलं नाही. एकदा-दोनदा येऊन भागत नाही. भीती विसरायला त्याला कित्येक आठवडे रोज मऊ शी व्हावी लागते. चार दिवसांत औषध बंद करण्यानं काय बिघडतं, ते आता तुमच्या लक्षात येईल.

त्यामुळे पहिलं पाऊल, खालून काहीही घालणं आजपासून बंद. देठ नाही, साबण तर नाहीच. साबणानं आतली नाजूक त्वचा सोलवटते, आग होते, चीर चिघळते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. नातवाचं तळमळणं त्यांना बघवत नाही म्हणूनच त्या हे करतात, ह्यात मला तिळमात्र शंका नाही. पण चौघांनी हातपाय धरून केलेला कोणताही उपाय त्या जागेची भीती वाढवतोच. दवाखान्यात मिळणारी ग्लिसरीनची कांडीसुद्धा अडीअडचणीला, डॉक्टरांनी सांगितली तरच. एरंडेलही नको. त्यानं पोटात मुरडा येतो. आणि रडणाऱ्या मुलाच्या तोंडात बळजबरीनं ओतलेलं कुठलंही तेल किंवा तूप श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरू शकतं. त्यानं होणारा न्यूमोनिया चिवट असतो, लवकर बरा होत नाही.

आता पावडरीबद्दल. तुमच्या वर्णनावरून ती पॉलीइथिलीन ग्लायकॉल असावी. पाकिटावरचं नाव एकदा बघून घ्या. लहान मुलांच्या मलावरोधावर जगभर हेच औषध आधी वापरतात. ते रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही. आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी शीमध्ये राहतं, एवढंच त्याचं काम. आतड्याला चाबूक मारून पळवणारं हे औषध नाही, म्हणून त्याची सवय लागत नाही. ती जितक्या पाण्यात विरघळवायला सांगितली असेल तितक्यातच विरघळवा. चमचाभर पाण्यात कालवून उपयोग होत नाही, कारण पोटात पाणी पोचणं हाच तर मुद्दा आहे. काही डॉक्टर लॅक्ट्युलोजचं गोड पातळ औषध देतात. तेही चालतं, फक्त पोटात थोडा गॅस होतो. मोठ्यांचं चूर्ण मात्र ह्या वयात देऊ नका.

उपचाराचे दोन टप्पे असतात आणि बहुतेक घरांत पहिल्यावरच गाडी थांबते. आत साचलेला जुना गोळा आधी बाहेर काढावा लागतो. त्यासाठी काही दिवस मोठा डोस असतो. तो मुलाच्या वजनावर ठरतो, म्हणून इथं आकडा देत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पोट तपासूनच तो ठरवायचा. ह्या दिवसांत शी पातळ होणार, कपडे खराब होणार. ते अपेक्षितच आहे. तुम्ही औषध बंद केलं ते नेमकं इथं, ते काम करायला लागलं तेव्हा. त्यानंतर कमी डोस रोज, किमान दोन महिने. त्रास पूर्ण थांबल्यावरही निदान महिनाभर तसाच ठेवायचा आणि मग हळूहळू उतरवत आणायचा. पुष्कळ मुलांना सहा महिने, वर्षभरसुद्धा लागतं. इतके दिवस कशाला, असं घरात कुणी विचारलं तर सांगा, गुदाशय आकसून मूळ पदावर यायला आणि मुलाची भीती जायला तेवढा वेळ लागतो.

ह्यासाठी भिंतीवरच्या कालनिर्णयचा उपयोग करा. दूधवाल्याच्या खाड्याची खूण करता तिथंच शीचीही करा : झाली की नाही, मऊ की लेंड्या, दुखलं का, रक्त दिसलं का. पुढच्या भेटीला ते पान घेऊन जा. "मधेमधे होते हो" ह्यापेक्षा त्या खुणा डॉक्टरांना खूप जास्त सांगतात.

दुधाबद्दल मला जरा कडक बोलायला हवं. चार मोठ्या बाटल्या म्हणजे जवळपास लिटरभर दूध. दोन वर्षांच्या मुलाचं पोट त्यावरच भरतं. मग त्यानं जेवावं कसं? दुधात चोथा नाही आणि लोह नावापुरतं. अशा मुलांमध्ये पोट अडण्याबरोबर रक्तही कमी झालेलं वारंवार सापडतं. एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. दूध दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटरवर आणा, गाईचं असो वा म्हशीचं. बाटली काढून टाका, पेल्यानं द्या आणि जेवणाच्या तोंडावर देऊ नका. आठवडाभर रडारड होईल, आजीआजोबांचा जीव तुटेल. पण भूक लागली की मूल जेवतं. हे मी इतक्या मुलांत पाहिलं आहे, की ठामपणे सांगते.

चोथा किती लागतो? वयाच्या वर्षांत पाच मिळवा, ढोबळमानानं तितके ग्रॅम रोज. म्हणजे तुमच्या मुलाला सातएक ग्रॅम. त्यासाठी बाजारातून डबे आणायची गरज नाही. शंभर ग्रॅमच्या पेरूत पाच ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. बिया काढा, गर आणि सालीचा भाग बारीक चिरून द्या. पपई, चिकू, संत्र्याच्या फोडी, भिजवलेलं सुकं अंजीर, रात्री भिजत घालून सकाळी कुस्करलेल्या काळ्या मनुका. मनुकांचं नुसतं पाणी देऊन चोथा फेकू नका, गरासकट द्या. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, मेथी-पालक घातलेलं वरण, रताळं, लाल भोपळा. अख्खं द्राक्ष आणि अख्खे दाणे ह्या वयात घशात अडकतात. द्राक्ष उभं चिरून द्यावं. बिस्किटं, खारी, टोस्ट आणि मैद्याचे नूडल्स घरात आणूच नका, कारण घरात असले की दिले जातात. आणि केळ्याला उगाच बदनाम करू नका. पिकलेलं केळं चालतं.

पाणी भरपूर पाजा असा सल्ला सर्रास दिला जातो. तहानलेल्या मुलाला पाणी हवंच. बारा किलोच्या मुलाला दूध, वरण, ताक सगळं धरून दिवसाला साधारण अकराशे मिलिलिटर द्रव लागतं. तेवढं जात असेल तर त्यावर आणखी पेले रिचवून शी मऊ होत नाही. आणि आहारानं साचलेला जुना गोळा निघत नाही. त्याला औषधच लागतं. आहार त्या पुढच्या सगळ्या दिवसांसाठी.

बसवण्याची घाई सध्या नको. शी सलग काही आठवडे मऊ होऊ लागली की नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं बसवा. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. कमोडवर बसवत असाल तर पाय लोंबकळता कामा नयेत. पायांखाली पाट किंवा उलटी बादली ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. देशी पद्धतीच्या संडासात हे आपोआप साधतं, फक्त त्या भोकाची मुलांना भीती वाटते, म्हणून हात धरून समोर बसा. गोष्ट सांगा, गाणं म्हणा. बसला म्हणून शाबासकी द्या. झाली नाही म्हणून काहीही बोलू नका. चिरेची आग होत असेल तेव्हा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसवलं की बरं वाटतं.

प्रश्न : माझी नात तीन वर्षं दहा महिन्यांची आहे. शी-शू सांगायला ती कधीच शिकली होती. जूनपासून बालवाडीत जाते. दिवाळीपासून दिवसातून चार-पाच वेळा तिच्या चड्डीला पातळ शी लागलेली असते. जुलाब समजून औषध दिलं, फरक नाही. विचारलं तर म्हणते, "मला कळलंच नाही." तिच्या बाबाला वाटतं ती आळस करते. तो रागावतो, एकदा हातही उगारला. मला बघवत नाही.
— एक आजोबा, नाशिक रोड

उत्तर : आजोबा, तिच्या बाबांना हे उत्तर आजच वाचायला द्या. ती खरं बोलते आहे. तिला खरोखरच कळत नाही.

गुदाशयात घट्ट गोळा अडकून बसला की वरची पातळ शी त्याच्या कडेकडेनं झिरपते आणि चड्डीला लागते. गुदाशय सैल पडलेला असल्यानं ती जाणीव मुलीपर्यंत पोचतच नाही. दिसतात जुलाब, असतो मलावरोध. जुलाब थांबवणारं औषध दिलं की आतला गोळा आणखी घट्ट होतो, म्हणून ते आधी बंद करा. पोट डॉक्टरांना दाखवा. बेंबीच्या खाली किंवा डाव्या बाजूला हाताला गोळा लागतो का, ते तपासतील. वर कराडच्या ताईंना सांगितलेले दोन टप्पे हिलाही लागू आहेत. गोळा निघाला की चड्डी खराब होणं बहुधा थांबतंच.

आणि जूनचा उल्लेख तुम्ही केलात हे फार बरं केलंत. बालवाडीतला संडास एकदा स्वतः जाऊन बघा. दार लागतं का, पाणी असतं का, बाई सोबत जातात का, मधल्या सुट्टीतच जायचं असा नियम आहे का. संडासाची किळस किंवा भीती वाटली की मुलं सकाळी नऊपासून दुपारपर्यंत शी धरून ठेवतात आणि घरी येईस्तोवर कळ गेलेली असते. बाईंना भेटून, तिला लागेल तेव्हा जाऊ द्या असं सांगा. सकाळी तिला वीस मिनिटं आधी उठवा. म्हणजे काहीतरी खाऊन, घाई न करता घरीच बसता येईल.

मारणं आणि रागावणं ताबडतोब थांबलं पाहिजे. चड्डी खराब झाली तर कुणीतरी शांतपणे बदलावी, भावंडांसमोर चर्चा करू नये. जे तिच्या हातात नाही त्याची शिक्षा तिला मिळते आहे. मला ह्या पत्रातलं सगळ्यात जास्त तेच लागलं.

प्रश्न : मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. शू बाथरूममध्ये करते, पण शीला डायपरच हवा. डायपर घातला की कोपऱ्यात जाऊन उभ्यानं करते. नाही घातला तर तीन दिवस धरून ठेवते. पाळणाघरातल्या मावशी म्हणतात, डायपर द्यायचाच नाही, करेल झक मारत.
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ती झक मारत करणार नाही, धरून ठेवेल आणि वरच्या दोन्ही घरांतली गत तुमच्याकडे होईल. डायपर द्या. पाळणाघरातही मागेल तेव्हा मिळाला पाहिजे, मावशींना तसं स्पष्ट सांगा. शी मऊ आहे ना, तेवढं बघा. नसेल तर आधी ती मऊ करा.

मग एकेक पायरी. डायपर घालूनच, पण बाथरूममध्ये उभी राहून. ते अंगवळणी पडलं की डायपर घालून पॉटीवर बसून. मग डायपर सैल बांधून, मग त्याला मधे भोक पाडून, मग डायपर नुसता पॉटीत अंथरून. एका पायरीवर दोन आठवडे गेले तरी हरकत नाही. घाबरली तर मागच्या पायरीवर या.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. सहा दिवस शी झालेली नाही. खेळतं, हसतं, शू भरपूर करतं. घुटी द्यावी का? मध चाटवावा का?
— एक आई, लातूर

उत्तर : दोन्ही नको. वर्षाच्या आत मध कधीच नाही. त्यातल्या जंतूंच्या विषानं तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. फक्त अंगावर पिणारं बाळ, सहा आठवड्यांचं झाल्यावर, कधीकधी आठवडाभरही शी करत नाही. पोट मऊ असेल, बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल आणि शी झाली की मऊच होत असेल, तर तो मलावरोध नव्हे.

तरी जन्माच्या वेळचे कागद काढून एक गोष्ट बघा. पहिली काळी-हिरवी चिकट शी किती तासांनी झाली? बहुतेक बाळांना ती चोवीस तासांत होते. अठ्ठेचाळीस तास उलटून गेले असतील, तर बाळ कितीही हसतंखेळतं असलं तरी डॉक्टरांना सांगा. सुमारे पाच हजारांत एका बाळाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, त्यामुळे तो भाग ढिला होत नाही आणि शी पुढे सरकत नाही. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग ह्यांनी 1886 मध्ये ह्याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं हा आजार ओळखला जातो. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती वेळेत होणं महत्त्वाचं.

चारही पत्रलेखकांसाठी आणि इतरांसाठीही सांगते. पोट फुगून टणक झालं आणि हिरवी उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. पहिल्या महिन्यापासूनच पोट अडणं, वजन न वाढणं, शीत मिसळून येणारं रक्त, पायांत जोर नसणं, चालणं बदलणं, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुबका, शूवरही ताबा न राहणं, ह्यांतलं काहीही असेल तर घरचे उपाय करत बसू नका. मूल मंद, सुस्त, त्वचा कोरडी आणि उंची खुंटलेली वाटत असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.